हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरचे अर्धवट आकडे

संपादक महोदय,
सस्नेह नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीतील नव्या उपकरणांची ओळख करून देणारे सदर मी नियमितपणे वाचते. फोनशी ब्लूटूथने जोडायचा आणि आपला तारेचा हेडफोन ज्यात खोचायचा, अशा खिशात मावणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरविषयीही त्यात अधूनमधून लिहिलेले असते. मात्र त्या मजकुरात वजन, किंमत, बॅटरी किती तास चालते आणि मिलिवॅटचा एखादा मोठा आकडा यापलीकडे फारसे काही मिळत नाही. या अपुऱ्या माहितीवर विसंबून मी केलेली खरेदी चुकली. इतरांची तशी फसगत होऊ नये, म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

2016 साली अ‍ॅपलने आयफोन 7 मधून हेडफोनची 3.5 मिलिमीटरची खाच काढून टाकली आणि पुढे बहुतेक कंपन्यांनी महागड्या फोनमध्ये तोच मार्ग धरला. ज्यांच्या घरी चांगले तारेचे हेडफोन होते, त्यांची त्यामुळे पंचाईत झाली. माझ्याकडे भावाने फार पूर्वी परदेशातून आणलेला, स्टुडिओत वापरतात तशा जातीचा 600 ओहमचा, म्हणजे विजेच्या प्रवाहाला बराच विरोध करणारा हेडफोन आहे. तो आजही उत्तम वाजतो. मी मिरजेत राहते. तंबोऱ्याची जवारी लावताना घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा धागा पुढेमागे सरकवत आवाज कसा उमलत जातो, हे आमच्या गावात लहानपणापासून कानावर पडते. तो झंकार ज्या हेडफोनमधून मला स्वच्छ ऐकू येतो, तो केवळ फोन बदलला म्हणून अडगळीत टाकण्याची माझी तयारी नव्हती.

मी घेतलेल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘220 मिलिवॅट’ असे छापले होते. हेडफोनच्या मोठ्या पिनेला अडॅप्टर लावून तो जोडला आणि विलंबित ख्यालाचे एक जुने ध्वनिमुद्रण लावले, तर आवाज पूर्ण वाढवूनही आलापी पंख्याच्या घरघरीत हरवत होती. विक्रेत्याने हेडफोन जुना झाल्याचे सांगून विषय संपवला. मी 30 वर्षे शाळेत विज्ञान शिकवले असल्यामुळे शेवटी कागद-पेन्सिल घेऊन बसले.

खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिले होते की, 220 मिलिवॅट ही शक्ती 32 ओहमच्या हेडफोनला आणि तीही ‘बॅलन्स्ड’ जोडणीतून मिळते, साध्या 3.5 मिलिमीटरच्या खाचेतून 80 मिलिवॅटच मिळतात. बॅलन्स्ड जोडणीसाठी दोन्ही कानांच्या मिळून 4 स्वतंत्र तारा लागतात आणि माझ्या हेडफोनच्या वायरीत 3 आहेत, म्हणजे मोठा आकडा माझ्यासाठी नव्हताच. आता 32 ओहमला 80 मिलिवॅट याचा अर्थ 1.6 व्होल्ट. व्होल्टेज तेवढेच राहते असे धरले, तर व्होल्टेजच्या वर्गाला ओहमने भागून 600 ओहमच्या हेडफोनला मिळणारी शक्ती निघते साधारण सव्वाचार मिलिवॅट. खोक्यावर छापलेल्या आकड्याच्या पन्नासाव्या हिश्श्याहूनही ती कमी आहे. हे गणित दहावीच्या पुस्तकातील आहे, परंतु ते दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाने करावे अशी अपेक्षा ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

याची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. कानात खोचायचे इयरफोन बहुधा 16 ते 32 ओहमचे आणि अतिशय संवेदनशील असतात. त्यांना काही मिलिवॅट पुष्कळ होतात. त्यांच्या बाबतीत पाहायचे ते अ‍ॅम्प्लिफायरच्या स्वतःच्या इंपीडन्सकडे, म्हणजे त्याच्या बाहेर पडणाऱ्या वाटेवरील विरोधाकडे. तो हेडफोनच्या एक अष्टमांशाहून जास्त नसावा, असा या क्षेत्रातील जाणकारांचा आडाखा आहे. 16 ओहमच्या इयरफोनसाठी याचा अर्थ 2 ओहम किंवा त्याहून कमी. तो जास्त असेल, तर काही इयरफोनमध्ये खर्ज फुगतो किंवा वरचे स्वर दबतात, आणि दोष मात्र इयरफोनला दिला जातो. हा आकडा मी आजवर एकाही जाहिरातीत पाहिलेला नाही.

कोडेकविषयी, म्हणजे फोनमधून निघालेला आवाज हवेतून पाठवण्यासाठी आकसवण्याच्या पद्धतीविषयीही मोठा गैरसमज पसरला आहे. सोनीने 2015 साली आणलेली एलडॅक ही पद्धत सेकंदाला 990 किलोबिटपर्यंत माहिती पाठवते आणि 2017 च्या अँड्रॉइड 8 पासून ती अँड्रॉइडच्या मूळ प्रणालीत उपलब्ध आहे. आयफोनमध्ये मात्र ती नाही. तिथे एसबीसी आणि एएसी या दोनच पद्धती चालतात. तेव्हा आयफोन वापरणाऱ्याला ‘एलडॅक आहे’ असे सांगून महागडे यंत्र विकणे म्हणजे त्याच्या उपयोगाची नसलेली गोष्ट त्याच्या गळ्यात मारणे होय. अँड्रॉइडवरही गर्दीच्या ठिकाणी 990 टिकेलच असे नाही. ब्लूटूथ ज्या 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, त्यातच घरोघरचे वायफायही चालते, शिवाय माणसाचे शरीर या लहरी शोषून घेते. फोन मागच्या खिशात आणि अ‍ॅम्प्लिफायर पुढच्या खिशात असेल, तर एवढ्यानेही आवाज तुटू शकतो, आणि मग 660 वा 330 किलोबिटवर उतरावे लागते.

मी भाचीला मला न सांगता एएसी आणि एलडॅक यांची अदलाबदल करायला सांगून ऐकून पाहिले. गायनात मला फरक कळला नाही. नुसत्या तंबोऱ्याच्या मुद्रणात कळल्यासारखे वाटले, पण माझी उत्तरे जेवढ्या वेळा बरोबर आली, जवळजवळ तेवढ्याच वेळा चुकली. माझे वय झालेले कान हे काही मोजमापाचे साधन नव्हे, हे मान्य आहे. तरीही 78 आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेली जुनी मुद्रणे ऐकणाऱ्याने केवळ एलडॅकसाठी जास्त पैसे मोजू नयेत, असे मी निश्चित सांगेन. त्या तबकड्यांत मुळात जो तपशील उतरलाच नाही, तो कोणतेही कोडेक आणून देऊ शकत नाही.

बिनतारी यंत्र घ्यावेच का, हा प्रश्नही खरेदीपूर्वी स्वतःला विचारायला हवा. फोन समोर टेबलावर ठेवून ऐकायचे असेल, तर यूएसबी-सीच्या खाचेत बसणारे साधे तारेचे डोंगल स्वस्त पडते, त्यात आवाज ब्लूटूथसाठी आकसवावा लागत नाही आणि ते वेगळे चार्ज करावे लागत नाही. स्वयंपाकघरात काम करताना किंवा फोन दूर चार्जिंगला लावून ऐकायचे असेल, तर बिनतारी यंत्राचे सुख मोठे आहे, हे मी अनुभवाने सांगते. मात्र त्यातील लिथियम बॅटरी काही वर्षांनी थकतेच आणि बहुतेक यंत्रांत ती ग्राहकाला बदलता येत नाही. ती बदलून देणारे सेवाकेंद्र भारतात आहे का, हे आधीच विचारावे. खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत नसेल, तर तो माल घेऊ नये. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.

कानांच्या आरोग्याचा मुद्दाही यात येतो. आठवड्याला 40 तास ऐकायचे असेल तर 80 डेसिबलपर्यंतच थांबावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा प्रौढांसाठीचा निकष आहे. फोन आवाजाच्या पातळीविषयी जी सूचना देतो, ती त्याच्या अंदाजावर असते; पुढे अ‍ॅम्प्लिफायर किती जोर लावतो आणि त्याला कोणता हेडफोन जोडला आहे, हे त्याला कळायला मार्ग नाही. संवेदनशील इयरफोन लावून ताकदवान यंत्र वापरणाऱ्या तरुणांना ही गोष्ट कुणीतरी स्पष्ट सांगायला हवी.

मी घेतलेले यंत्र आता भाची तिच्या 32 ओहमच्या इयरफोनला लावते आणि तिथे ते सुरेख वाजते. यंत्रात दोष नव्हता, माझ्या हेडफोनशी त्याची जोडी चुकली होती. म्हणून माझी विनंती एवढीच आहे की, आपल्या सदरात अशा यंत्राचे परीक्षण छापताना 3.5 मिलिमीटरच्या खाचेतून 32 आणि 300 ओहमला मिळणारी शक्ती, यंत्राचा स्वतःचा इंपीडन्स, आयफोनवर चालणारे कोडेक आणि बॅटरी बदलून मिळण्याची सोय या 4 गोष्टी आवर्जून द्याव्यात. कंपनीने एखादा आकडा दिला नसेल, तर ‘कंपनीने दिलेला नाही’ असे तरी छापावे.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, मिरज