सोटोच्या सौद्याचा हिशेब

फेअरफॅक्स, व्हर्जिनिया
१५ नोव्हेंबर २०२५

प्रिय अवि,

तुझं पत्र मिळालं. वॉशिंग्टन नॅशनल्स या माझ्या बेसबॉल संघासाठी तू 'तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं' ही म्हण काढलीस आणि खाली ६६-९६ (विजय-पराभव) हा यंदाचा निकाल दोन रेघा ओढून लिहिलास. निकाल मान्य. धुपाटणं हातात आहे हेही मान्य. पण ते २०२२ मध्ये फलंदाज हुआन सोटो तुझ्या सॅन डिएगो पाद्रेजला देऊन पाच होतकरू पोरं घेतली त्या सौद्यातून आलं असं तू म्हणतोस, तिथे मी अडतो. सौदा फायद्याचा झाला, आणि तो फायदा घरच्यांनी घरात आणून वाया घालवला. हे दोन वेगळे हिशेब आहेत आणि तू ते एकाच पानावर मांडतोस.

आधी विकलं काय ते बघ. सोटोचे पुढचे सगळे होम रन तराजूच्या एका पारड्यात आणि पाच पोरांचे दुसऱ्या पारड्यात, असं वजन सगळेच करतात. २०२४ मध्ये यँकीजकडून मारलेले ४१, यंदा मेट्सकडून मारलेले ४३ आणि वर ३८ स्टील (चोरलेले बेस), हे सगळं वॉशिंग्टनच्या नावावर तोटा म्हणून चढवलं जातं. अरे, यंदाचा सोटो वॉशिंग्टनकडे विकायला होताच कुठे? मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये, खेळाडूवर संघाचा हक्क सहा वर्षांचा, आणि वर्ष भरायला १७२ दिवस यादीवर असावं लागतं. सोटो वर आला २० मे २०१८ ला. ते वर्ष पुरं भरलं नाही, म्हणून हक्क २०२४ च्या अखेरपर्यंत लांबला. २ ऑगस्ट २०२२ ला, सौद्यांच्या शेवटच्या दिवशी, विकली गेली ती दोन वर्षं आणि दोन महिने.

(आयपीएलवाल्यांना हे समजावताना दमछाक होते. २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईला गेला तो रोख पैशांवर. तिथे दर काही वर्षांनी मोठा लिलाव होऊन पाटी जवळपास कोरी होते, त्यामुळे एकोणीस वर्षांच्या पोराची पुढची इतकी वर्षं कुणी विकत घेऊच शकत नाही.)

'आणखी पैसे टाकून त्याला ठेवायचा होता', हा तुझा मुद्दा मात्र वजनदार आहे. त्याने नाकारलेला देकार होता १५ वर्षांचे ४४ कोटी डॉलर. ऐकायला डोळे पांढरे होतात, पण भागाकार कर: वर्षाला २ कोटी ९३ लाख. त्याचा २०२४ चा एका वर्षाचा पगार ३ कोटी १० लाखांवर गेला, तोही फ्री एजंट (संघाचा हक्क संपून मोकळा) होण्याआधी. मेट्सने पुढे तेवढ्याच वर्षांचे ७६.५ कोटी दिले. २३ वर्षांच्या, वर्ल्ड सिरीज (लीगचं अजिंक्यपद) जिंकून बसलेल्या, स्कॉट बोरससारखा एजंट असलेल्या पोराने ४४ कोटींना हो म्हणायचं काही कारण नव्हतं. मग उरले दोन रस्ते. एक, दोन वर्षं ठेवून सोडून देणे. हा रस्ता या संघाने ब्राइस हार्परच्या वेळी चालून पाहिला होता: तो ३३ कोटींवर फिलाडेल्फियाला गेला आणि हाती आला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या वार्षिक निवडीत, चौथ्या फेरीनंतरचा एक जादा पिक. दुसरा रस्ता, विकणे.

आणि ठेवला असता तर? २०२२ चा संघ ५५-१०७, पुढची दोन्ही वर्षं ७१-९१. सोटोसारखा माणूस त्याच्या उत्तम वर्षात सात-आठ विजयांची भर घालतो. म्हणजे ७१ चे ७८-७९ झाले असते. त्याने प्लेऑफचं (मोसमानंतरच्या बाद फेरीचं) दारही दिसत नाही.

आता मिळालं काय. वॉशिंग्टनचा तेव्हाचा जनरल मॅनेजर माइक रिझो याने टोपली कशी भरली ते नीट बघ, कारण तिथेच सौद्याचं कसब आहे आणि तिथेच त्याचं दुखणंही. सी. जे. एब्रम्स आणि मॅकेन्झी गोर हे दोघे त्याच एप्रिलमध्ये मेजर लीगमध्ये उतरलेले, म्हणजे तयार माल. रॉबर्ट हॅसेल हाय-ए मध्ये, म्हणजे खालच्या लीगांच्या मधल्या पायरीवर. जेम्स वूड १९ वर्षांचा, लो-ए मध्ये, आणि हारलिन सुसाना १८ वर्षांचा, पार तळाच्या रुकी लीगमध्ये. वॉशिंग्टनने सोटोबरोबर जॉश बेलही दिला. उलट बाजूने एरिक हॉस्मर यायचा होता, पण नको असलेल्या संघांच्या त्याच्या यादीत वॉशिंग्टन होतं. त्याने नकार दिला आणि ऐनवेळी ल्यूक व्हॉइट आला. व्हॉइट मोसम संपताच गेला, तो हिशेबात धरू नकोस. गंमत म्हणजे बेल या वर्षी स्वतःच्या पायांनी वॉशिंग्टनला परत आला.

पाचातले तिघे ऑल-स्टार (मोसमाच्या मध्यावरच्या निवडक खेळाडूंच्या सामन्याचे मानकरी) झाले: एब्रम्स २०२४ ला, गोर आणि वूड यंदा. होतकरू पोरांच्या धंद्यात पाचाला तीन हे प्रमाण कुठल्याही जनरल मॅनेजरने डोळे मिटून घ्यावं. २००७ च्या डिसेंबरात फ्लोरिडाने मिगेल काब्रेरा डेट्रॉइटला देऊन अँड्र्यू मिलर, कॅमेरॉन मेबिन आणि आणखी चार जण घेतले. त्यातलं किती फ्लोरिडाच्या कामी आलं? आणि काब्रेराने २०१२ ला तिकडे ट्रिपल क्राउन (सरासरी, होम रन आणि फटक्यांवर निघालेल्या धावा, तिन्हींत पहिला) घेतला.

वूडबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळा सौदा शेवटी त्याच्याभोवती फिरणार. तो २०२१ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत तुझ्याच पाद्रेजच्या जनरल मॅनेजर ए. जे. प्रेलरने घेतलेला (पहिल्या फेरीत त्याने जॅक्सन मेरिल घेतला होता, आणि तो मात्र सौद्यात हातचा राखला, हे त्याचं शहाणपण). उंची ६ फूट ७ इंच. २९ जून २०२५ ला एंजल्सनी त्याला एकाच सामन्यात चार वेळा मुद्दाम वॉक दिला. बॉल टाकायचाच नाही, बोट दाखवून पहिल्या बेसवर पाठवायचा. असा मान याआधी २००४ मध्ये बॅरी बाँड्सला मिळाला होता. त्या पंधरवड्यात वूड म्हणजे साक्षात संकट होतं.

मग ऑल-स्टारची सुट्टी झाली. आधी २४ होम रन, नंतर सगळे मिळून ७. मोसमाअखेर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) २२१, म्हणजे मार्क रेनॉल्ड्सच्या २००९ च्या २२३ या विक्रमाला जेमतेम दोन कमी. कारण गूढ नाही. स्ट्राइक झोन (ज्या चौकटीत आलेला बॉल स्ट्राइक धरतात ती) माणसाच्या उंचीवर ठरतो, म्हणून याचा झोन दरवाजाएवढा. हात लांब, म्हणून बॅटला बॉलपर्यंत यायला वाट जास्त. पिचरांनी वर फास्टबॉल आणि खाली वळणारा बॉल अशी शिडी लावली आणि तो दोन्हीकडे फसला. तरीही ३१ होम रन, ९४ आरबीआय (त्याच्या फटक्यांवर निघालेल्या धावा), मोसमात वय २२ (सप्टेंबरात २३ झालं), आणि हक्क २०३० पर्यंत. एवढा एकच माणूस सोटोच्या दोन वर्षं दोन महिन्यांच्या बदल्यात मिळाला असता, तरी मी सही केली असती.

हॅसेल हा उलटा धडा. २०२० च्या ड्राफ्टमधला आठव्या क्रमांकाचा. सौद्यानंतर दोन-तीन महिन्यांत, ॲरिझोनाच्या फॉल लीगमध्ये त्याचं हॅमेट हाड मोडलं. तळहाताच्या बुडाशी, करंगळीच्या बाजूला हे आकड्यासारखं छोटं हाड असतं. बॅटच्या मुठीचा गोळा नेमका तिथेच दाबतो. हाड बरं होतं, पण मनगटातली ताकद परतायला अनेकदा वर्ष जातं, आणि तेवढ्यात फलंदाज नकळत जोर न लावता खेळायची सवय लावून घेतो. हॅसेल वर यायला मे २०२५ उजाडला आणि आल्यावरही बॅट फारशी बोलली नाही. सुसाना शंभर मैलांच्या वर टाकतो, आणि शंभराच्या वर टाकणाऱ्यांना जे होतं ते त्याला झालं: यंदाचं बरंचसं वर्ष दुखापतींत गेलं. त्याचं भाकीत मी करत नाही.

आता सौद्याचं खरं दुखणं, ज्याबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस. तयार माल घेतला की त्याचं घड्याळ आधीच चालू झालेलं असतं. एब्रम्सचा हक्क २०२८ ला संपतो, गोरचा २०२७ ला. २०२३ ला एब्रम्सने १८ होम रन आणि ४७ स्टील केले, ते कुठे खर्ची पडले? ७१-९१ मध्ये. पुढच्या वर्षीचे २० होम रन? पुन्हा ७१-९१ मध्ये. बर्फाची लादी आणून उन्हात ठेवावी तसं झालं. संघ २०२३ ला तयार नव्हता हे २०२२ लाच दिसत होतं, मग पाचही जण वूड-सुसानाच्या वयाचे मागायला हवे होते. टेक्सासने २००७ ला मार्क टेशेरा अटलांटाला दिला तेव्हा एल्विस अँड्रस आणि नेफ्ताली फेलिस दोघेही पोरसवदा होते. ते बरोबरीने पिकले आणि २०१० व २०११, दोन्ही वर्षं संघ वर्ल्ड सिरीजला गेला.

बाकी उधळपट्टीचं श्रेय सौद्याला देऊ नकोस. स्टीव्हन स्ट्रासबर्गला २०१९ च्या डिसेंबरात २४.५ कोटी दिले, त्यानंतर तो आठ सामने खेळला. मालकांनी २०२२ ला संघ विकायला काढला आणि २०२४ ला विचार बदलला. मधल्या काळात मोठा फ्री एजंट कुणी आणला नाही. १०७ सामने हरूनही ड्राफ्टच्या सोडतीत (तळाच्या संघांचा निवडीचा क्रम चिठ्ठीवर ठरतो) पहिला क्रमांक पिट्सबर्गला गेला, त्यांनी पॉल स्कीन्स उचलला. वॉशिंग्टनला दुसऱ्यावर डिलन क्रूझ. पुढच्या सोडतीत यांचा नंबर चक्क पहिला लागला, पण महसूल वाटपात पैसे भरणाऱ्या संघाला लागोपाठ दोन वर्षं सोडतीतला पिक मिळत नाही, त्यामुळे दहाव्यावर ढकलले गेले. यंदा पहिला मिळाला तर घेतला १७ वर्षांचा ईलाय विलिट्स, आणि त्या ड्राफ्टच्या आठवडाभर आधी, ६ जुलैला, रिझो आणि मॅनेजर डेव्ही मार्टिनेझ दोघांनाही नारळ दिला.

तुझ्या पाद्रेजचं काय? (नावातच पाद्री, त्यामुळे क्षमा करायला शिक.) तुम्हाला २०२२ ला १११ विजयांच्या डॉजर्सना घरी पाठवायचं सुख मिळालं, त्याची किंमत मी कमी करत नाही. पण सोटो आला आणि दहा दिवसांत फर्नांडो टाटिसवर ८० सामन्यांची बंदी आली. २०२३ ला सोटोने १६२ च्या १६२ सामने खेळून ३५ होम रन मारले, तरी ८२-८०. एका रनाच्या सामन्यांत ९-२३, जादा इनिंगमध्ये २-१२. त्याच वर्षीच्या मे महिन्यात टीव्हीवाल्यांचे पैसे बंद झाले. डिसेंबरात सोटो यँकीजला. त्याच्या बदल्यात आलेल्या पाचांतला ड्रू थॉर्प मार्चमध्ये पुढे देऊन तुम्ही पिचर डिलन सीझ आणलात. आणि २५ जुलै २०२४ ला त्याच सीझने नो-हिटर (समोरच्यांना एकही हिट न देता पूर्ण सामना) टाकला तो वॉशिंग्टनच्या मैदानात, वॉशिंग्टनवर. शेवटचा आउट? सी. जे. एब्रम्स, उजवीकडे झेल. ही साखळी जुळवायला बसलं तर कादंबरीवालाही लाजेल.

पण सीझ आणि यँकीजकडून आलेल्या पाचांतलाच मायकल किंग, दोघेही या महिन्यात फ्री एजंट झाले. म्हणजे तुझ्या बाजूला सोटोच्या नावावर त्याच पाचांतला रँडी वास्केझ आणि किरकोळ शिल्लक. माझ्या बाजूला वूड पाच वर्षं, एब्रम्स तीन, गोर दोन.

गोरचा निर्णय याच हिवाळ्यात व्हायला हवा. डावखुरा, २६ वर्षांचा, यंदा १८५ स्ट्राइकआउट. पहिल्याच दिवशी फिलाडेल्फियावर सहा इनिंगमध्ये १३ काढले. ऑल-स्टारपर्यंत ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) ३.०२, वर्षाअखेर ४.१७, म्हणजे उतार कसला होता ते तूच काढ. आज विकला तर घेणाऱ्याला दोन पूर्ण मोसम मिळतात. जुलैपर्यंत थांबलं तर दीड, आणि मध्ये कोपर एकदा दुखलं की काहीच नाही. मी विकेन, आणि या खेपेला तयार माल अजिबात घेणार नाही. डबल-ए च्या खालचे, ज्यांचं घड्याळ सुरू झालेलं नाही असे, वूडच्या शेवटच्या तीन वर्षांत पिकतील असे चार.

सीझ आणि किंग गेल्यावर तुम्हाला पिचर हवाच आहे, आणि गोर तर मूळचा तुमचाच, २०१७ च्या ड्राफ्टमधला तिसरा. तेव्हा उत्तरात म्हणी नकोत, नावं लिही. प्रेलरने होतकरू लिओ डी व्रिसही जुलैत पिचर मेसन मिलरसाठी देऊन टाकला. मग गोरच्या बदल्यात तुझ्या कोठारातून कोण काढतोस?

तुझा,
मकरंद