काशीचं बुकिंग आणि मेथीची जुडी

प्रिय आई बाबा,

फोनवर हा विषय काढला की बाबा "बघू, अजून वेळ आहे" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, म्हणून लिहून पाठवतीये. आई, तू मोठ्याने वाचून दाखव. बाबा, संपेपर्यंत मधे बोलू नका प्लीज.

काशीला जायचंय ना दोघांना दिवाळीनंतर? आई माझ्या लग्नाच्या आधीपासून म्हणतीये, आधी माझं शिक्षण, मग दादाचं घर, मग बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, दरवेळी काहीतरी निघालं आणि राहून गेलं. यंदा जायचंच. फक्त गेल्या दसऱ्यासारखं नको, आणि तेच सांगायला हे पत्र.

संक्रांतीला घरी आले होते तेव्हा कपाटात गॅसचं पुस्तक शोधताना बाबांची हिशोबाची वही हातात आली. मुद्दाम नाही हो उघडली, पुस्तक तिच्यातच ठेवलेलं होतं. त्या पानावर होतं, विमान ओझर (नाशिक) ते बंगळूर दोन माणसं २१,८६०, आणि खाली दोन रेघा. त्याच्या खाली म्हैसूर लॉज दोन रात्री १,८००. पान उलटलं तर नोव्हेंबरात, फिजिओ ४०० गुणिले १०, ४,०००. कुठे शेरा नाही, तक्रार नाही, नुसते आकडे बाबांच्या त्या सरळ अक्षरात. मी वही होती तशी ठेवून दिली आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

कारण मला तो म्हैसूरचा जिना अजून दिसतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही, पायऱ्या उंच उंच. आई दुसऱ्या वळणावर पायरीवरच बसली, एक हात कठड्याला, एक गुडघ्यावर, आणि म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी जरा दम खाते. बाबा दोन्ही बॅगा घेऊन वर गेले होते, ते बॅगा ठेवून परत खाली आले आणि काही न बोलता तिच्याशेजारी उभे राहिले. मी खालून पाण्याची बाटली घेऊन येत होते, मी सगळं बघितलं. दसऱ्याची गर्दी होती, जरा बऱ्या हॉटेलांचे भाव दुपटीवर गेलेले, आणि विमानात एवढे गेले म्हणून बाबांनी ९०० ची खोली घेतली. जे विमानात गेलं ते लॉजमधून वसूल करायला गेलात बाबा, आणि ते आईच्या गुडघ्यावर आलं. तुमचं मन मला माहितीये, तुम्ही स्वतःसाठी कधी पैसा वाचवला नाहीत, आमच्यासाठी वाचवलात, सातपूरला नोकरी असताना पावसातसुद्धा सायकलवर जायचात. पण पैसे वाचवायची जागा चुकली एवढंच माझं म्हणणं आहे.

आता ते विमान एवढं महाग का पडलं ते नीट ऐका. बाबा, तुम्ही बाजारात मुद्दाम रात्री आठनंतर जाता ना, कारण तेव्हा भाजीवाला २० ची मेथीची जुडी १० ला देतो, त्याला माहिती असतं की सकाळपर्यंत ती सुकणार. तुम्हाला वाटतं विमानाचंही तसंच असणार, शेवटी सीटा उरल्या की भाव पाडतील. पण तिथे बरोबर उलटं असतं. एकाच विमानातल्या सगळ्या सीटा एका भावाच्या नसतात, थोड्या स्वस्त, मग त्याच्या वरच्या, मग अजून वरच्या असे थर असतात, खालचा थर संपला की वरचा उघडतो. आणि शेवटच्या चार-पाच दिवसांत जो तिकीट काढतो तो अडलेला असतो, कोणाचं ऑफिसचं काम, कोणाच्या घरी आजारपण, तो देईल तेवढे देतो हे कंपन्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यात ओझरहून विमानं मोजकीच. तुम्ही पाच दिवस आधी काढलंत, तेही दसरा आणि २ ऑक्टोबर एकाच दिवशी आलेले असताना. बरेच आठवडे आधी काढलं असतं तर फरक पडला असता हो. सणाच्या दिवसांत विमानाला थांबून फायदा होणं फार क्वचित.

आता काशी. यंदा, २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ आल्यामुळे दिवाळी लांबलीये, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. तुमचा बेत भाऊबीज झाली की आठवड्याभराने निघायचा, म्हणजे तुम्ही काशीत असणार बरोबर कार्तिकी पौर्णिमेला, २४ नोव्हेंबरला. त्या दिवशी तिथे देवदिवाळी असते, सगळ्या घाटांवर लाखो दिवे लावतात, देशभरातून लोक येतात, आणि त्या तीन-चार दिवसांत खोल्यांचे भाव कुठल्या कुठे जातात. तुम्हाला हे वेगळं सांगायला नको, २०१५ च्या सिंहस्थात आपण बघितलंय की, पर्वणीच्या, म्हणजे शाहीस्नानाच्या, आदल्या रात्री पंचवटीत साधी खोली मिळत नव्हती आणि आपल्या हॉलमध्ये अकरा पाहुणे झोपले होते, आई रात्री दोनला पोहे करत होती. (२०२७ ला पुन्हा तेच होणार, गाद्या आत्तापासून उन्हात घालायला लाग!) काशीची देवदिवाळी म्हणजे हॉटेलांच्या बाबतीत पर्वणीच समजा.

आई म्हणेल देवदिवाळी बघायचीच आहे. आई, बघण्यासारखी आहे हे खरं, पण त्या गर्दीत घाटाच्या पायऱ्यांवर तू तीन तास उभी राहू शकणार नाहीस गं, आणि गंगेची आरती दशाश्वमेध घाटावर रोज संध्याकाळी असते, ती तुला निवांत बसून बघता येईल. विश्वनाथाचं दर्शनही जरा सुखाने होईल. आत्ताचं देऊळ आपल्या अहिल्याबाईंनी १७८० साली बांधलेलं, ते धक्काबुक्कीत बघून यायचं का?

म्हणून मी ठरवलंय, म्हणजे तुम्ही हो म्हणालात तर, २५ नोव्हेंबरला बुधवारी नाशिकरोडहून निघायचं आणि २ डिसेंबरला, तोही बुधवारच, परत यायचं. देवदिवाळीची गर्दी उतरलेली असेल, थंडी सोसवेल एवढीच. डिसेंबर अर्धा सरला की तिकडे धुकं धरायला लागतं, गाड्या तासनतास लेट होतात, विमानं रद्द होतात, आणि मग नाताळ आणि नवीन वर्षाचे भाव. म्हणजे मधले हे दोन-तीन आठवडेच बरे आहेत. शुक्रवार-रविवारपेक्षा मंगळवार-बुधवारी विमान बहुतेक वेळा स्वस्त पडतं, म्हणून परतीला बुधवार.

जाताना ट्रेन. कामायनी आणि महानगरी दोन्ही नाशिकरोडला थांबतात आणि थेट बनारसला जातात, मग मुंबईला कशाला जायचं? विमानाचं तिकीट स्वस्त दिसतं पण त्यात मुंबईपर्यंतची गाडी धरा, पावणेदोनशे किलोमीटर, कसाऱ्यापासून पुढचं ट्रॅफिक, कितीतरी तास आधी निघायचं, वाटेत खाणं, हे सगळं धरलं की सेकंड एसी कितीतरी परवडतं आणि आईला पाय लांब करून झोपता येतं. खालचा बर्थ मिळावा म्हणून सीनियर सिटिझनचा कोटा असतो, पुरुषांना ६० आणि बायकांना ४५ पासून, त्यातून टाकेन. तिकिटातली ज्येष्ठांची सवलत मात्र २०२० च्या मार्चपासून बंद आहे, बाबांना अजून वाटतं ती मिळेल.

येताना विमान, कारण परत एवढा प्रवास बसून तुम्ही दमाल. बनारस ते मुंबई थेट विमान आहे, दुपारचं घेऊ. पहाटेचं हजार रुपयांनी स्वस्त असेल तरी मी काढणार नाही, रात्री दोनला उठून विमानतळावर बसायचं वय नाही तुमचं. उतरल्यावर ठाण्याला मावशीकडे मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी ट्रेनने घरी, मावशी केव्हाची बोलावतीये. आणि हो, आता नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालंय, सर्च केलं की दोन्हीकडची विमानं दिसतात, भाव बघताना कुठे उतरतंय ते आधी बघायचं, नाहीतर तिकिटात वाचलेले टॅक्सीत जातात.

एक गंमत सांगते जी मला पण उशिरा कळली. दोन सीटा एकदम शोधल्या आणि स्वस्त थरात एकच उरली असेल तर दोघांनाही वरचा भाव लागतो, एकेकट्याने बघितलं की हे कळतं. पण तुमचं मी तरी एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगवर, काढणार, फ्लाईट बदलली किंवा रद्द झाली तर एक इथे एक तिथे नको. सीनियर सिटिझनचं भाडंही काही कंपन्या देतात, ६० पूर्ण लागतात आणि वयाचा पुरावा, आधार वगैरे, दाखवावा लागतो, पण सूट फक्त मूळ भाड्यावर असते, कधीकधी साधं तिकीटच स्वस्त निघतं, दोन्ही बघून घेईन. आईसाठी कडेची सीट पैसे देऊन घेणार, तिथे कोणी काही बोलायचं नाही. सामान १५ किलो आणि हातात ७, काशीहून पितळेची भांडी आणायची असतील तर आधी सांग आई, काउंटरवर जादा वजनाचे फार घेतात.

हॉटेलचं. ओंकारेश्वरला गजानन महाराज संस्थानच्या भक्तनिवासात राहिलात तेव्हा किती खूश होतात, स्वच्छ खोली, कमी पैसे. बाबा, धर्मशाळेला किंवा साध्या लॉजला माझा अजिबात विरोध नाही, माझ्या अटी दोनच, लिफ्ट किंवा तळमजला, आणि दारापर्यंत रिक्षा. काशीत घाटाकाठच्या खोल्या फोटोत सुंदर दिसतात पण गल्ल्या एवढ्या अरुंद की गाडी जात नाही, बॅगा घेऊन चालत जायचं आणि वर पायऱ्या. आपण लक्सा रोडच्या बाजूला बघू, तिथून रिक्षाने येणं-जाणं सोपं.

मी आत्ताच एक खोली फ्री कॅन्सलेशनवाली धरून ठेवतीये, पैसे तिथे गेल्यावर द्यायचे. पुढे भाव उतरला तर हीच सोडून नवीन घ्यायची. ॲपवर आधी २,४०० दिसतं आणि शेवटच्या पानावर कर आणि फी मिळून वाढतं, त्यामुळे शेवटचा आकडा बघूनच तुलना करायची. साडेसात हजारापर्यंतच्या खोलीला आता जीएसटी ५ टक्के आहे, आधी १२ होता. आणि मग हॉटेलला थेट फोन करून विचारायचं, ॲपवर एवढा दिसतोय, तुम्ही काय द्याल? त्यांना ॲपचं कमिशन वाचतं म्हणून पुष्कळदा थोडं कमी करतात किंवा नाश्ता देतात. घासाघीस बाबा माझ्यापेक्षा छान करतात, तो फोन तुम्हीच करा.

पण बाबा, हात जोडते, नंबर मी देईन त्यावरच करा. गूगलवर हॉटेलच्या नावाखाली खोटे नंबर टाकलेले असतात, गोड बोलून क्यूआर कोड पाठवतात आणि ॲडव्हान्स मागतात, पोहोचल्यावर कळतं की बुकिंगच नाही. तसं काही झालंच तर लाजू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० ला फोन आणि मग मला.

तुमची भीती मला कळते, एवढं आधी काढायचं आणि ऐनवेळी तब्येत बिघडली तर? हॉटेलचं काही जाणार नाही. ट्रेन बरेच दिवस आधी रद्द केली तर सेकंड एसीला माणशी २०० रुपये आणि त्यावरचा जीएसटी कापतात. विमानाचे जास्त जातील, पण नॉन-रिफंडेबल तिकिटाचेही विमानतळाचे कर परत मागता येतात, बरेच लोक मागतच नाहीत. एवढं जाण्याची तयारी ठेवू की. पाच दिवस आधी काढून जे हमखास गेले त्यापेक्षा हे परवडलं.

पैसे तुम्ही देणार हे मला माहितीये, भांडत नाही. तिकीट मी काढते कारण माझ्या कार्डावर सूट असते, जेवढे झाले तेवढे तुम्ही मला पाठवा, एक रुपयाही कमी-जास्त नाही, तुमच्या वहीत तसंच लिहा.

ट्रेनचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होतं. २५ नोव्हेंबरचं उघडणार २६ सप्टेंबरला, शनिवारी सकाळी आठला. गणपती विसर्जनाचा दुसरा दिवस आहे, तुम्ही दोघं दमलेले असाल, पण पावणेआठला फोन जवळ घेऊन बसा. बाबांचं आयआरसीटीसीचं अकाउंट आधारने व्हेरिफाय केलेलं आहे ते वापरू, पहिल्या दिवशी ते लागतंच, आणि ओटीपी बाबांच्याच मोबाईलवर येणार. आला की मला वाचून दाखवायचा, दुसऱ्या कोणाला नाही. आणि आई, आधारवर तुझं नाव कसं छापलंय त्याचा फोटो आजच पाठव, तिकिटावर अगदी तसंच टाकायचंय.

गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
मनू