दात यायच्या आत

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी 'ही ब्याद कशाला' म्हणालो, ते मागे घेतो. तुझी आई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. कुत्र्याची ही पोरकी पिल्लं घरात आलीच आहेत, तर आता नीट ऐक.

फोटोवरून दहा-बारा दिवसांची वाटतात, डोळ्यांच्या फटी नुकत्या उघडताहेत. या वयात त्यांना अंगची ऊब धरता येत नाही. खोक्यात एका बाजूला गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेव, दुसरी बाजू मोकळी सोड. उकडलं तर सरकायला जागा हवी. पिल्लू हाताला गार लागलं तर आधी ऊब, मग दूध. गार पिल्लाच्या पोटात दूध पचत नाही, तसंच साचून राहतं.

गाईचं दूध देऊ नकोस. कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश त्याच्या दुपटीच्या आसपास असतात. पिल्लांसाठीची दुधाची पावडर मिळते, ती आण. 100 ग्रॅम वजनामागे एका वेळी 4 मिलीच्या वर नको, दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पालथं ठेवूनच पाज, तान्ह्या बाळासारखं उताणं नाही. दूध श्वासनळीत गेलं की न्यूमोनिया होतो. नाकातून दूध दिसलं तर लगेच थांब. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शेपटीखाली हळूहळू पुसायचं, शी-शू होईपर्यंत. त्यांची आई जिभेने हेच करते. ओवीला बाटली धरायची हौस असणार. धरू दे, पण पिल्लू तुझ्या हातात असू दे.

ओवीचं नाव निघालंच आहे तर लिहितो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात यांना दात येतील, सुईसारखे. त्यांची आई कुठली, कशाने गेली, तुम्हाला ठाऊक नाही. पिल्लू चावलं की लोक हसून सोडून देतात, पण रेबीज पिल्लांनाही होतो. वाड्यावरच्या बाळूचं तू विसरला नसशील. चावण्याआधीही लस घेता येते: 0, 7 आणि 21व्या दिवशी. तुम्ही तिघंही घ्या. नंतर चावलं तरी दोन डोस घ्यावेच लागतात, पण जखमेत टोचायचं तयार प्रतिपिंडांचं सीरम लागत नाही. आज सुरू केलंत तरी तिसरा डोस दात आल्यावरच पडणार, म्हणून घाई करतोय. ओरखडा आला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. हळद-चुना काही नको.

पुन्हा व्याख्यान झालं. सवय आहे, नोकरीभर हेच केलं. राग मानू नकोस.

रोज एकाच वेळेला, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तिन्ही पिल्लांचं वजन कर. वाढ थांबली की रडण्याची वाट बघू नकोस, त्याच दिवशी डॉक्टर. जंताचं औषध दोन आठवड्यांचं झाल्यावर, मग दर पंधरा दिवसांनी, वजन करूनच. पिल्लांना पहिली लस सहाव्या-आठव्या आठवड्यात. तोवर सोसायटीच्या बागेत खाली सोडू नका. पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबांचा विषाणू, मातीत महिनोन्‌महिने टिकतो. फिनाइलवर भरवसा ठेवू नकोस. एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, दहा मिनिटं ठेवून मग स्वच्छ धुवायचं. आणि आठ आठवडे व्हायच्या आत दत्तक द्यायचं नाही, कितीही मागे लागले तरी.

मोत्याला तू दप्तरातून आणलं होतंस, वह्या हातात धरून. त्याला गाईचं दूध पाणी घालून मीच दिलं होतं. तेव्हा मला एवढं कळत नव्हतं. तू मात्र या वेळी आधी विचारलंस. आईला मी तेच सांगितलं, तर म्हणाली, मग ब्याद कशाला म्हणालात?

फोटोतलं पांढऱ्या पंजांचं बारकं मागे पडतंय, त्याला सगळ्यांत आधी पाज. वजनांचा कागद रोज रात्री मला पाठव. ओवीला लशीला शनिवारी नेणार की रविवारी, तेही त्याच्याखाली लिही.

तुझा,
बाबा