मातीच्या घरातल्या चौघी

महोदय,
अमेरिकेतील वसाहतींचा विषय निघाला की घोडेस्वार पुरुषच डोळ्यांसमोर येतात. नेब्रास्का या तिथल्या गवताळ राज्यात छायाचित्रकार सॉलोमन बुचर यांनी १८८६ साली टिपलेले क्रिसमन भगिनींचे छायाचित्र जरूर पाहावे. मुळांसकट कापलेल्या गवताळ मातीच्या ढेपा रचून बांधलेल्या घरापुढे चौघी बहिणी उभ्या आहेत! असली घरे पावसात गळत. जेवणात माती पडू नये म्हणून बायका छपराखाली कापड ताणून बांधत. लाकडाचा दुष्काळ, म्हणून चुलीत वाळके शेण. आपल्या गोवऱ्याच त्या. वसून कसणाऱ्याला सरकारी जमीन देणाऱ्या १८६२च्या होमस्टेड कायद्याने अविवाहितेला, विधवेला १६० एकरांवर दावा करता येई. नवरा असलेलीला सहसा नाही. राबायची मात्र तीही तेवढीच. आणि ही भूमी मुळात पॉनींसारख्या आदिवासींची होती, हेही विसरता येत नाही.
– एक वाचक, सातारा