हात पाठीमागे बांधून शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

रेसिडेन्सी संपून तीन महिने झाले. निरोपाच्या गडबडीत तुमच्याशी धड बोलणं झालं नाही. जे सांगायचं होतं ते इमर्जन्सीत शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या सगळ्यांनीच वाचावं असं वाटलं, म्हणून हे उघड पत्र.

पहिल्या वर्षी सोनोग्राफीचा प्रोब, म्हणजे पेशंटच्या अंगावर टेकवून फिरवायचं ते उपकरण, हातात घेतला की स्क्रीनवर मला नुसता करडा धुरळा दिसायचा. अशा वेळी बाकीचे सीनियर "दे इकडे" म्हणत प्रोब काढून घ्यायचे आणि दोन सेकंदांत चित्र आणून दाखवायचे. चित्र दिसायचं, पण ते आणलं कसं हे माझ्या हाताला कळायचं नाही. तुम्ही एकदाही प्रोब घेतला नाहीत. हात पाठीमागे बांधून शेजारी उभ्या राहायचात. "करंगळी पेशंटच्या अंगावर टेकव. प्रोब थोडा पाठीकडे झुकव. थांब. आता त्यांना श्वास घेऊन धरायला सांग." आणि बरगडीच्या सावलीतून यकृत हळूच खाली सरकायचं, त्याला चिकटून मूत्रपिंड दिसायचं. बाहेर पेशंट खोळंबलेले असताना असं थांबून राहणं किती कठीण असतं, ते आता कळतंय.

ती रात्र तुम्हालाही आठवत असेल. दुचाकीवरून पडलेला तरुण. मी फास्ट केला, म्हणजे आत कुठे रक्त साठलंय का हे पाहणारी झटपट सोनोग्राफी. यकृत आणि मूत्रपिंडाच्या मधली जागा स्वच्छ दिसली, "निगेटिव्ह" लिहून मोकळी झाले. तुम्ही क्लिप पाहिलीत आणि एवढंच विचारलंत, "यकृताचं खालचं टोक कुठे आहे यात?" ते नव्हतंच. उताण्या झोपलेल्या माणसाच्या पोटातलं रक्त बऱ्याचदा आधी तिथेच दिसतं, हे मला तोंडपाठ होतं, तरी मी पाहिलं नव्हतं. शिवाय २०० मिलीच्या आसपास रक्त साठेपर्यंत फास्टमध्ये काही दिसेलच असं नाही. "फास्ट त्या मिनिटापुरता असतो, पुन्हा कर," म्हणालात. पुन्हा केला. टोकाशी नखाएवढी जाड काळी पट्टी होती, म्हणजे साठलेलं रक्त. तोवर नाडी १३० झाली होती, प्रेशर उतरायला लागलं होतं. सर्जन आले, पेशंट थेट थिएटरमध्ये गेला. प्लीहा फाटली होती. तो चालत घरी गेला.

त्या रात्री तुम्ही मला रागावला नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून रिपोर्टमध्ये "नीट दिसलं नाही" असं लिहायची मुभा दिलीत. मुभा कसली, सक्तीच म्हणायची. पोटात गॅस आहे, अंगावर चरबी आहे, चित्र येत नाही, तर तसं लिहायचं. न पाहता "नॉर्मल" लिहिलेलं मात्र तुम्हाला मुळीच चालायचं नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ इमर्जन्सी फिजिशियन्सच्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक प्रकारच्या तपासणीसाठी २५ ते ५० स्कॅन सांगितलेत. माझे तेवढे केव्हाच झाले होते. पण ते स्कॅन कुणीतरी बसून पाहिले म्हणून त्यांचा उपयोग झाला. दर आठवड्याला, ड्युटी संपल्यावर, तुम्ही आमची एकेक क्लिप पाहायचात. त्या वेळेचा मोबदला तुम्हाला कुणी दिला नाही.

सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या पेशंटची छाती दाबणं, चालू असताना हृदय पाहायला क्षणभर थांबलो की तुम्ही मोठ्याने दहा आकडे मोजायचात. दहाच्या आत क्लिप रेकॉर्ड करायची, हात पुन्हा छातीवर, आणि हृदय हलत होतं की नाही ते कॉम्प्रेशन चालू असताना पाहायचं. आता मीही मोजते.

आणि तपासणी झाली की पेशंटच्या पोटावरचं जेल तुम्ही स्वतः पुसायचात, चादर नीट करायचात. हे कुठल्या अभ्यासक्रमात नव्हतं, पण आम्ही सगळ्यांनी उचललं.

काल पहिल्या वर्षाची एक रेसिडेंट माझ्यासमोर प्रोब घेऊन उभी होती. तिला मूत्रपिंड सापडत नव्हतं आणि माझा हात पुढे जात होता. मी तो मागे घेतला. चार मिनिटं लागली तिला. सापडलं.

मनापासून आभार, मॅडम.

तुमची विद्यार्थिनी