बर्फावरची सभा

चंद्रपूर,
रविवार, दुपार

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

बुधवारी फोनवर तू विचारलंस, "बाबा, आमच्या टीममधले लोक म्हणतायत की तू आमची तिलित्सवाल्ग्ट हो. होऊ का?" मी नुसतं "बघू" म्हणालो. तुझा आवाज उतरला ते मला कळलं. पण पस्तीस वर्षं खाणीत काढलेल्या माणसाला याचं उत्तर दोन मिनिटांत देता येत नाही, म्हणून कागद घेऊन बसलो आहे. आईने दोनदा जेवायला हाक मारली. तिला म्हटलं, पोरीला लिहितोय, थांब जरा.

नॉर्वेत कामाच्या जागी सोबती ज्याला आपल्या वतीने बोलायला निवडतात, त्या युनियनच्या प्रतिनिधीचं हे नाव. त्या शब्दाचा अर्थ तूच मला सांगितला होतास. 'तिलित' म्हणजे विश्वास, 'वाल्ग्ट' म्हणजे निवडलेला. आपल्याकडे त्याच माणसाला पुढारी म्हणतात, पुढे चालणारा. तुमच्या शब्दात पुढे-मागे काही नाही, इतरांनी त्याच्यावर टाकलेला विश्वास तेवढा आहे. तो शब्द मला फार आवडला आणि तेव्हापासून डोक्यात घोळतो आहे.

मागच्या जुलैत तू आम्हाला सुलिट्येल्माला, नॉर्वेच्या उत्तरेतल्या त्या जुन्या तांब्याच्या खाणीच्या गावाला नेलंस. तुला खरं तर समुद्रातली बेटं दाखवायची होती, हट्ट मी धरला. ट्रॉन्डहाइमहून रात्रीची गाडी, फाउस्केला उतरलो, मग तुझ्या मैत्रिणीच्या कारने डोंगरात. तो रस्ता म्हणजे जुन्या रेल्वेची वाट. १९७२ पर्यंत तिथून गाड्या जायच्या. बोगद्यांतून जाताना आई घट्ट हात धरून बसली होती आणि मी खिडकीतून छत बघत होतो. पायाखाली काय आणि डोक्यावर काय, हे बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही सवय निवृत्त झाल्यावरही जात नाही.

खाण १९९१ मध्येच बंद झालेली. लांगवात्ने तळ्याच्या काठावर मी बराच वेळ उभा राहिलो आणि तू विचारलंस, "बाबा, काय बघताय? नुसतं पाणीच तर आहे." तेव्हा मला सांगता आलं नाही. आज सांगतो.

त्या डोंगरात तांबं आहे हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मॉन्स पेटर नावाच्या एका सामी, म्हणजे तिथल्या मूळच्या जमातीतल्या, माणसाला समजलं. पुढे हेलसिंगबोर्गच्या निल्स पर्शॉन या स्वीडिश व्यापाऱ्याने १८९१ मध्ये कंपनी काढली. तो काळ विजेच्या तारांचा होता, जगाला तांबं कितीही मिळालं तरी कमीच पडत होतं. बघता बघता त्या निर्जन दरीत नॉर्वेतल्या सर्वांत मोठ्या कारखान्यांपैकी एक उभा राहिला. धातू वितळवण्याच्या भट्टीतून गंधकाचा धूर निघायचा, त्याने भोवतालची बर्चची झाडं जळून गेली. माल तळ्यांवरून बोटींनी आणि मधल्या टापूत रुळांवरून समुद्राकडे जायचा. माणसं आली ती किनाऱ्यावरच्या मासेमारांची आणि छोट्या शेतकऱ्यांची पोरं, काही सीमेपलीकडची. कामाची जागा कंपनीची, राहायचं घर कंपनीचं, आणि त्यामधली जमीनही कंपनीची.

आता हे लक्षात घे. नॉर्वेत १८९८ पासून पुरुषांना मतदानाचा हक्क होता. १८९९ मध्ये कामगार संघटनांचा देशव्यापी महासंघ स्थापन झाला होता, ज्याला तुम्ही आज एल.ओ. म्हणता. १९०५ मध्ये देश स्वीडनपासून वेगळा होऊन स्वतंत्र झाला. म्हणजे सुलिट्येल्माचा खाणकामगार स्वतंत्र देशाचा मतदार होता, राजधानीतल्या संसदेत कोण बसणार हे ठरवू शकत होता. पण आपल्या चार सोबत्यांना घेऊन कामाबद्दल बोलायला त्याला त्या दरीत हातभर जागा नव्हती. संघटनेचं नाव काढणाऱ्याची नोकरी जायची. आणि नोकरी गेली की घर गेलं, कारण घर कंपनीचं.

अशात १९०७ च्या जानेवारीत कंपनीने हुकूम काढला की प्रत्येक कामगाराने नंबराचा धातूचा बिल्ला अंगावर, सगळ्यांना दिसेल असा लावायचा. कामगारांनी त्याला नाव दिलं 'स्लावेमेर्के', गुलामीचा बिल्ला. आणि तो लावायला नकार दिला.

इथे मी जरा थांबतो. मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला नवल वाटलं होतं. बिल्ल्यात एवढं काय? आम्हीसुद्धा नंबराचं टोकन घेऊनच खाली उतरायचो. लॅम्परूमच्या खिडकीवर पितळेचं टोकन द्यायचं, टोपीचा दिवा घ्यायचा. पाळी संपली की दिवा परत, टोकन परत. खिळ्यावर टोकन लटकत राहिलं तर एक माणूस अजून खाली आहे, हे खिडकीतल्या माणसाला न बोलता कळायचं.

तुला लहानपणी ज्यांच्या खांद्यावर बसून पोळा बघायची सवय होती, ते काका आठवतात ना, लंगडत चालायचे? तू जन्मायच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. दुसरी पाळी संपली, आम्ही वर आलो, आंघोळ करून सायकली काढल्या. लॅम्परूमचा माणूस ओरडत बाहेर आला, एकशे अठरा लागला नाही. आम्ही तसेच ओले उलटे खाली गेलो. छताचा तुकडा पायावर पडून ते एका जुन्या गाळ्यात अडकले होते. दिवा मंद झाला होता, आवाज बसला होता. त्यांना वर आणलं तेव्हा पहाट झाली होती. ते पितळेचं टोकन त्यांच्या बायकोने देव्हाऱ्यात ठेवलं आहे, मी स्वतः पाहिलं आहे.

म्हणजे धातूचा तुकडा तोच, नंबर तोच. आमचा नंबर खिळ्यावर असायचा, माणूस परत यावा म्हणून. सुलिट्येल्माचा नंबर छातीवर असणार होता, देखरेख करणाऱ्याला दुरून कळावं की हा कोण, कुठे रेंगाळतोय, कुणाशी बोलतोय. नाव विचारायची गरजच उरू नये म्हणून. गुरांच्या कानात बिल्ला मारतात तो त्यांना घरी आणण्यासाठी नसतो, मालक कोण हे कळावं म्हणून असतो. त्या माणसांना हा फरक एका क्षणात कळला होता. मला कळायला तीस वर्षं खाणीत काढावी लागली.

मग १३ जानेवारी उजाडला. कॅलेंडर मोजून बघितलं, तो रविवार होता. भेटायचं कुठे? जमीन सगळी कंपनीची. पण लांगवात्ने गोठलेलं होतं, आणि गोठलेल्या पाण्यावर कंपनीची मालकी नव्हती. सुमारे तेराशे माणसं काठ सोडून तळ्याच्या बर्फावर चालत गेली. त्या दिवसांत तिथे सूर्य डोंगरांच्या वर येत नाही, दुपारीसुद्धा निळसर उजेड असतो म्हणे. लाउडस्पीकर नाही, मांडव नाही, आडोसा नाही. आठवडाभर जमिनीखाली राबलेली माणसं सुट्टीच्या दिवशी उघड्यावर, पाण्यावर उभी राहिली, आणि तिथेच त्यांनी ठरवलं की आपली संघटना काढायची आणि बिल्ला लावायचा नाही.

कंपनीला बिल्ल्याचा हुकूम मागे घ्यावा लागला. संघटना टिकली. त्याच १९०७ मध्ये नॉर्वेतला पहिला देशव्यापी वेतनकरार लोखंडकामगारांनी केला. हे सगळं एकाच वर्षात घडलं.

जुलैत मी त्या पाण्याकडे बघत होतो तेव्हा मनात एकच हिशेब चालू होता. तेराशे माणसांचं वजन. पुढच्या रांगेतल्या पहिल्या माणसाने पाय टाकला असेल तेव्हा त्याने बर्फ ठोकून बघितला असेल का? खाणवाला होता, बघितलाच असेल.

आता तुझ्या गावाजवळची एक गोष्ट. ट्रॉन्डहाइमच्या दक्षिणेला मेलहूस आहे ना, तिथे १८७९ मध्ये मार्टिन ट्रानमेल जन्मला. धंद्याने रंगारी, अमेरिकेत काम करून आलेला, आणि बोलायला लागला की माणसं खिळून राहायची. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी १९११ मध्ये तुझ्याच शहरात ठराव केला की लेखी करारांनी हात बांधून घेऊ नका, संप करा, बहिष्कार टाका, वेळ पडली तर घातपातही. रस्ते, रेल्वे, खाणी खोदणारे कामगार त्याच्या मागे मोठ्या संख्येने होते. त्याचं एक भाषण अजून आठवलं जातं. त्यात तो म्हणाला होता की संप फोडणारे येतात म्हणता ना, मग संपावर जाताना सुरुंगाच्या भोकांत थोडा डायनामाइट राहिला असेल तर ते कामाला हात लावायला तेवढे उत्सुक राहणार नाहीत.

मृण्मयी, मी अकरा वर्षं शॉटफायरर, म्हणजे सुरुंग उडवणारा होतो. न उडालेलं भोक म्हणजे काय ते मला माहीत आहे. तिकडे कुणालाही जाऊ द्यायचं नाही, वेळ जाऊ द्यायची, मग हातभर बाजूला समांतर दुसरं भोक पाडून ते उडवायचं, आणि त्या सगळ्या वेळात आपल्या छातीचा ठोका आपल्यालाच ऐकू येतो. मिसफायरला माणूस कोणत्या बाजूचा हे कळत नाही. संप फोडायला आलेल्याच्याही घरी पोरं असतात, भुकेनेच तो आलेला असतो. ट्रानमेल मोठा माणूस होता, नॉर्वेतल्या कामगार चळवळीला त्याने जेवढी दिशा दिली तेवढी क्वचितच कुणी दिली असेल, सत्तेच्या खुर्चीपासून तो आयुष्यभर लांब राहिला, हे सगळं मान्य. पण ते वाक्य मला खाली कधी सुरुंग न भरलेल्या माणसाचं वाटतं. माझं मत विचारशील तर बर्फावर उभे राहिलेले तेराशे जण मला त्या भाषणापेक्षा मोठे वाटतात. तू कुणाच्या वतीने बोलायला उभी राहिलीस तर समोरच्या बाजूचा माणूसही कुणाचा तरी बाप आहे, एवढं विसरू नकोस.

दुसरा माणूस आइनार गेरहार्डसेन. रस्त्याच्या कामावरचा मजूर, तरुणपणी रस्तेकामगारांच्या संघटनेचा अध्यक्ष. युद्धात जर्मनांनी त्याला छळछावणीत टाकलं. युद्ध संपल्यावर तो पंतप्रधान झाला आणि मधली काही वर्षं सोडली तर १९६५ पर्यंत तोच होता. तुम्ही लोक ज्या सोयींना आज गृहीत धरता त्यांतल्या कितीतरी त्याच्या काळातल्या.

पण मला त्याच्याबद्दल सांगायचं आहे ते वेगळंच. ५ नोव्हेंबर १९६२ ला उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांवर नी-ओलेसुंदच्या कोळसाखाणीत स्फोट झाला. एकवीस कामगार मेले. खाण सरकारी मालकीची होती आणि तिथे आधीही स्फोट झाले होते. चौकशी झाली, संसदेत प्रश्न आला, आणि १९६३ च्या ऑगस्टमध्ये गेरहार्डसेनचं सरकार अविश्वास ठरावाने पडलं. कामगारांमधून वर आलेल्या, कामगारांच्या पक्षाच्या पंतप्रधानाला एकवीस खाणकामगारांचा जाब द्यावा लागला. महिन्याभरात तो पुन्हा सत्तेवर आला हे खरं, पण जाब द्यावा लागला.

मी कोळशातला माणूस. आपल्याकडे १९७५ मध्ये धनबादजवळ चासनाळ्याला खाणीत पाणी शिरून पावणेचारशेच्या आसपास माणसं बुडाली. तेव्हा मी शाळेत होतो, रेडिओवर ऐकलं होतं. पुढे खाणीत लागलो तेव्हा जुनी माणसं त्याबद्दल बोलायची ती आवाज खाली करून. सरकार पडणं तर सोडच. म्हणून एकवीस हा आकडा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून अंगणात जाऊन बसलो होतो. तू तेव्हा बारावीत होतीस, तुला वाटलं मला बरं नाही.

तुझ्या दोन शंका होत्या. पहिली, "माझं नॉर्वेजियन अजून अडखळतं." अडखळू दे. आमच्या खाणीत तेलुगू, छत्तीसगडी, भोजपुरी बोलणारी माणसं होती. ज्यांनी मला युनियनची पहिली पावती फाडून दिली त्यांना मराठी लिहिता येत नव्हतं. पण कुणाची नुकसानभरपाई कोणत्या टेबलावर अडली आहे हे त्यांना तोंडपाठ असायचं. ते ऑफिसात जाऊन उभे राहायचे, फक्त उभे राहायचे, आणि फाइल हलायची. तुझ्या टीममधल्या लोकांनी तुझं व्याकरण बघून तुला सांगितलेलं नाही. त्या पोलिश मुलाची बाप झाल्यावरची रजा कुणाला समजत नव्हती तेव्हा तू दोन संध्याकाळी त्याच्यासोबत नियम वाचत बसलीस, हे त्यांनी बघितलं आहे. मला हे तूच सहज बोलता बोलता सांगितलं होतंस.

दुसरी शंका, "मॅनेजरशी संबंध बिघडले तर?" हा प्रश्न मी हलका करणार नाही. माझे बिघडले होते. एकदा मी टेकू न लावलेल्या गाळ्यात माणसं पाठवायला नाही म्हणालो. त्यानंतर तीन वर्षं माझी बढती थांबली, रात्रपाळ्या वाढल्या. आई तेव्हा एक शब्द बोलली नाही, फक्त डब्यात एक भाकरी जास्त घालायला लागली. तुमच्याकडे कायदा तिलित्सवाल्ग्टच्या पाठीशी आहे, आमच्या वेळी कागदावर होता तेवढाच. तरी काही दिवस जड जातील. ते तुला आधी माहीत असावेत म्हणून लिहिलं.

हो म्हण, असं मला वाटतं. पण निर्णय तुझा. नाही म्हणालीस तरी तुझा बाबा तोच राहील.

आईने तिळाचे लाडू आणि मेतकूट पाठवायचं ठरवलं आहे, पार्सल संक्रांतीच्या आत मिळायला हवं. आणि जानेवारीत तू आणि तुझी मैत्रीण पुन्हा तिकडे जाणार म्हणाली होतीस. १३ तारखेच्या जवळपास गेलीस तर गोठलेल्या तळ्याचा एक फोटो काढून पाठव. काठावरूनच काढ. बर्फ किती जाड आहे हे तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय त्यावर पाय टाकू नकोस.

तुझा,
बाबा