मंदगती भूकंप आणि सातपुड्याच्या अखंड नोंदी

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

सातपुड्याच्या पायथ्याशी एखादा सौम्य धक्का जाणवला, की खान्देशात पारावर आणि मोबाइलवरच्या गटांत एक समजूत हमखास ऐकायला मिळते : लहान धक्क्यांनी जमिनीतला ताण थोडा थोडा निघून जातो, त्यामुळे मोठा भूकंप टळतो. आता याच समजुतीला ‘मंदगती भूकंपां’चा, म्हणजे कोणाला न जाणवता दिवस-आठवडे चालणाऱ्या भूगर्भातील घसरणीचा, आधार दिला जाऊ लागला आहे. शास्त्रज्ञांना या भूकंपांविषयी गेल्या पंचवीस वर्षांत जे कळले आहे, ते या समजुतीच्या जवळजवळ उलट आहे. म्हणून हे पत्र.

आधी सौम्य धक्क्यांचा हिशेब पाहू. भूकंपमापनातील एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणजे ६ रिश्टरच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा निघून जायला ४ रिश्टरचे सुमारे हजार धक्के बसावे लागतील. इतके धक्के आपल्याकडे कोणी अनुभवलेले नाहीत.

मंदगती भूकंप ही मात्र निराळीच घटना आहे. नेहमीच्या भूकंपात भ्रंशावरची, म्हणजे ज्या भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवर सरकतात तिच्यावरची, फाट सेकंदाला दोन-तीन किलोमीटर वेगाने पसरते आणि सारे काही सेकंदांत किंवा फार तर काही मिनिटांत संपते. मंदगती भूकंपात सरकण्याची ही कड दिवसाला साधारण दहा किलोमीटरच पुढे जाते, खडक काही सेंटिमीटर सरकायला दिवस किंवा आठवडे घेतो आणि वर राहणाऱ्या माणसाला काहीही जाणवत नाही. जिथे एक भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड, सरकता तुकडा) दुसऱ्याखाली शिरतो, तिथे भ्रंशाचा वरचा भाग घट्ट अडकलेला असतो आणि खूप खालचा, तापलेला भाग सतत घसरत असतो. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात, सुमारे ३० ते ४० किलोमीटर खोलीवर, खाली जाणाऱ्या खडकांतील खनिजांमधून निघालेले पाणी प्रचंड दाबाखाली कोंडले जाते, वरच्या खडकांचा भार काही अंशी तेच पेलते आणि भ्रंशाची पकड सैल होते. तिथे घसरण सुरू होते, पण तिला वेग घेता येत नाही.

कॅनडातील व्हँकुव्हर बेट आणि त्याच्या आसपासची जीपीएस केंद्रे भूपट्टाच्या रेट्याने हळूहळू ईशान्येकडे सरकत असतात. १९९९च्या उन्हाळ्यात त्यांतील सात केंद्रे काही आठवडे उलट दिशेने, तीही अवघी दोन ते चार मिलिमीटर, सरकल्याचे शास्त्रज्ञ हर्ब ड्रॅगर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. जमिनीवर कोणाला काही कळले नव्हते, तरी त्या घसरणीचा आवाका ६.७ रिश्टरच्या भूकंपाएवढा होता. पुढे अशी घसरण तिथे सुमारे चौदा महिन्यांनी पुन्हा पुन्हा होते असे दिसून आले. जपानमध्ये १९९५च्या कोबे भूकंपानंतर देशभर संवेदनशील भूकंपमापकांचे जाळे उभारले गेले आणि त्याच नोंदींतून २००२ मध्ये शास्त्रज्ञ कझुशिगे ओबारा यांनी खोल भूगर्भातील, तासन्‌तास चालणारी क्षीण थरथर शोधून काढली. ती या संथ घसरणीची सोबतीण आहे आणि समुद्राच्या भरती-ओहोटीबरोबरही ती कमी-जास्त होते. भ्रंश किती नाजूक तोलावर उभा असतो, याचा याहून बोलका पुरावा मला ठाऊक नाही.

संथ घसरणीने त्या पट्ट्यातला ताण उतरतो हे खरे, पण शेजारच्या अडकलेल्या भागावर तो वाढतो. ११ मार्च २०११च्या जपानमधील ९ रिश्टरच्या भूकंपापूर्वी आणि १ एप्रिल २०१४च्या चिलीतील मोठ्या भूकंपापूर्वी अशी संथ घसरण झाल्याचे नोंदींवरून दिसते. उलट कॅनडालगतच्या त्या भ्रंशावर शेवटचा महाभूकंप २६ जानेवारी १७०० रोजी झाला. संथ घसरणी मात्र आजही चालूच आहेत. म्हणूनच या घटनांवरून भाकीत करता येत नाही आणि निर्धास्तही होता येत नाही. शास्त्रज्ञ त्यांचा अभ्यास करतात तो भ्रंशाचा कोणता भाग अडकला आहे, ताण कुठून कुठे सरकतो आहे आणि कोणत्या किनाऱ्यांनी व शहरांनी अधिक तयारी ठेवावी, हे कळावे म्हणून.

आपला भाग भूपट्टांच्या सीमेवर नाही, त्यामुळे जपानचे चित्र इथे जसेच्या तसे लागू होत नाही. तरी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सहाहून अधिक रिश्टरचा भूकंप झाला, त्याचे केंद्र सुमारे ४० किलोमीटर खोल होते. २२ मे १९९७च्या जबलपूर भूकंपाचे केंद्र सुमारे ३५ किलोमीटर खोल होते. ज्या खोलीवर जपान-कॅनडात खडक आठवडे घेत सरकतो, त्याच खोलीवर नर्मदा-तापीच्या या पट्ट्यात तो क्षणात तुटला. असे का, यावर संशोधकांत अजून एकमत नाही. इथली भूहालचाल वर्षाला मोजक्या मिलिमीटरांतच मोजावी लागते, त्यामुळे तिचा माग घ्यायला एखाद-दुसऱ्या वर्षाची मोजणी पुरत नाही. दशकानुदशके न खंडणाऱ्या नोंदी हव्यात.

त्यासाठी सगळे नव्याने उभारण्याची गरज नाही. आपल्या शेतांची मोजणी आता रोव्हर या उपग्रहसंकेतांवर चालणाऱ्या यंत्राने होते आणि त्यामागे सतत उपग्रहसंकेत नोंदवणारी स्थायी केंद्रे असतात. धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांना उपयोगी पडणाऱ्या अशा केंद्रांच्या नोंदी जपून ठेवल्या जाव्यात आणि भूगर्भाच्या अभ्यासकांना व इथल्या महाविद्यालयांना त्या सहज मिळाव्यात, ही मागणी आपल्या दैनिकाने लावून धरावी. दुसरी विनंती थेट आपल्याकडे आहे : भूकंपाची बातमी देताना रिश्टरच्या आकड्यासोबत राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने दिलेली भूकंपकेंद्राची खोलीही दर वेळी छापावी.

आपला विश्वासू,
एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)